सांडलेली कंदुरी

उत्तमदादाला सकाळी एक तांब्या दूध मिळायचं आणि दिवेलागणीला दुसरा. मला चहात पडेल तेवढं. याचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो, फक्त कारण बदललं. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. दारातून आत येताना तो वाकायचा आणि वाकूनही त्याचं कपाळ चौकटीला लागायचं. हातपाय लांबलचक आणि बारीक, बोटं अशी की माझ्या मनगटाला वेढा घालून अंगठ्याच्या पलीकडं जायची. आम्हा सगळ्यांचे केस काळेभोर, त्याचे भुरके आणि विरळ. डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा, आणि त्यातूनही लांबचं मेंढरू आपलं की दुसऱ्याचं ते त्याला दिसायचं नाही. तो ते ओरडण्यावरून ओळखायचा. गावातली पोरं त्याला बगळा म्हणायची. आईला एकच दिसायचं, की पोराच्या अंगाला काही लागत नाही. मग ती आणखी घालायची. दुधावरची साय त्याची, कोंबडीनं घातलेलं अंडं त्याचं, मेंढी व्याली की खरवस आधी त्याला. बोकड कापला की काळीज निखाऱ्यावर भाजून, मीठ लावून ती त्याच्या हातावर ठेवायची. तो त्यातलं अर्धं मला द्यायला लागला की डोळे वटारायची. ‘तुला कशाला गं चंद्रे? तुझं काय वाळलंय?’

आमची वस्ती वडवणीपासून पायी तासाभरावर. दोन खोल्या, पुढं पत्र्याचं छप्पर, मागं काटेरी कुंपण घातलेला मेंढरांचा वाडा. सकाळ उजाडायची ती मेंढरांच्या खोकण्यानं. मग आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, आमच्या वडिलांचं, आबांचं, खाकरणं, आणि कोकरांना आयांपासून तोडून बाजूला कोंडताना उठणारा कालवा. त्या कालव्यात आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोलायचो, आणि ती सवय मला अजून आहे. माझी सून म्हणते, आई, तुम्ही फोनवर बोलता की फोनशिवाय? वर्षातून दोनदा कातरणी असायची. कमी दिसत असूनही कातरणीत दादाचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. मेंढी पायांत दाबून तो बोटांनी कातडी चाचपायचा, आणि कात्री अशी चालवायचा की लोकर अख्खी गोधडी निघावी तशी एकसलग उतरायची. कुठं रक्ताचा थेंब नाही. लोकर न्यायला टेम्पो घेऊन येणारा व्यापारी फक्त दादानं कातरलेली लोकर न बघता घ्यायचा.

आमच्यात मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क असतो. आबांनी मामाची पोरगी केली, ती माझी आई. आबांच्या वडिलांनीही मामाचीच केलेली. आणि मी पाळण्यात असतानाच आबांच्या बहिणीनं, आमच्या आत्यानं, माझ्या कपाळाला कुंकू लावून मला तिच्या भानुदाससाठी मागून ठेवलं होतं. ‘घरातलं घरात ऱ्हातंय,’ आबा सांगायचे, ‘जमीन बाहेर जात न्हाई, भांडण बाहेर जात न्हाई.’ आणखी काय काय बाहेर जात नाही याचा विचार कोणी केला नव्हता. आबांचा एक थोरला भाऊ होता, दादासारखाच उंच, तसाच अधू डोळ्यांचा. विशीत असताना मेंढरं चारता चारता बांधावर बसला तो उठलाच नाही. त्याला देवीनं नेलं असं घरात सांगायचे. देवी आमच्या घरातली उंच पोरंच कावून नेते असं मी एकदा विचारलं, तर आईनं मला उलथनं फेकून मारलं होतं. शाळेत डोळे तपासायला आलेल्या एका डॉक्टरनं दादाचे डोळे बघून सांगितलं होतं की याचं आतलं भिंग जागेवरून सरकलंय, हे नुसतं चष्म्याचं काम नाही, मोठ्या दवाखान्यात दाखवा. आबांनी चष्मा घेतला आणि बाकीचं तिथंच सोडून आले. चष्मा मिळाला, मग आणखी काय दाखवायचं?

त्या वर्षीच्या कातरणीत दादा एकोणीस वर्षांचा होता. सकाळचं ऊन होतं, मी लोकर झटकून पोत्यात भरत होते. दादाच्या कात्रीचा आवाज थांबला म्हणून मी वर बघितलं. कात्री खाली पडली होती आणि दादा स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होता, हा कुणाचा हात असं विचारल्यासारखा. मग माझ्याकडं बघून त्यानं काही म्हणायचा प्रयत्न केला. तोंडाची एक बाजू हलली, दुसरी लोंबली आणि तिथून लाळ आली. अर्धी कातरलेली मेंढी त्याच्या पायांतून सुटून पळाली. पलीकडून आबा ओरडले, ‘काय बे उत्तम, झोपला काय?’ तेवढ्यात तो उजव्या अंगावर कोसळला. चष्मा मातीत पडला. मी आधी चष्मा उचलला, पुसला, त्याच्या डोळ्यांवर चढवला. का ते माहीत नाही. मला वाटलं असावं, त्याला दिसलं की तो उठेल.

तालुक्याच्या डॉक्टरनं त्याला बैलगाडीतच तपासलं. हात वर उचलून सोडला, तो धपकन पडला. मग आबांकडं वळून म्हणाला, ‘गांजा वढतो काय? लकवा म्हाताऱ्याला मारतो, असल्या तरण्याला न्हाई. नशापाणी विचारा त्याला.’ विचारायचं कुणाला? तो बोलत नव्हता, म्हणून तर आणला होता. डॉक्टरचं हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे, निरनिराळ्या तोंडांतून, आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. तरण्याला लकवा होत नाही. कुणी ठरवलं? मेंदूला जाणारं रक्त अडलं तर ते आधी जन्मदाखला मागतं का? घरी आणल्यावर गावानं दुसरा इलाज काढला. चार कबुतरं आली. एकेकाची मान कापून गरम रक्त दादाच्या उजव्या हातापायाला चोळायचं आणि घोंगडीत गुंडाळून ठेवायचं. तीन दिवस माझा भाऊ कबुतराच्या वाळलेल्या रक्तात पडून होता, माश्या बसत होत्या, आणि शहाणीसुरती माणसं शेजारी बसून चहा पीत होती. त्याचा डावा डोळा मात्र टक्क जागा होता. त्याला सगळं कळत होतं. हे मी सांगत होते आणि मला बाहेर जा म्हणत होते.

चौथ्या दिवशी लोकरीचा टेम्पो आला. व्यापाऱ्यानं दादाला बघितलं आणि लोकर न भरताच म्हणाला, ‘माझ्या गाडीत घाला ह्याला. शहरात सरकारी दवाखाना हाय, सोडतो.’ मेंढरांपाशी कुणी तरी हवं म्हणून आई राहिली. मी नववीत होते, पाट्या वाचायला येत होत्या, म्हणून आबांबरोबर मी गेले. एवढ्या एका कारणानं पुढचं सगळं माझ्या माथी आलं. तिथल्या डॉक्टरीणबाई ठेंगण्या, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांनी हात उचलून सोडला नाही. आधी दादाची बोटं बघितली, मग पाठीचा कणा, मग डोळ्यांत बॅटरी मारून किती तरी वेळ बघत राहिल्या. मग लघवी मागवली. काचेच्या नळीत तिच्यात कसलं पाणी घातलं, आणखी कसलं तरी घातलं, थोडं थांबल्या, आणि ती नळी आमच्यासमोर लालजांभळी झाली. आबा दचकून मागं सरकले. बाईंनी विचारलं, ‘याच्या आईबापाचं आधीपासून नातं काय?’ आबा फरशीकडं बघत राहिले. मी सांगितलं.

बाईंनी जे सांगितलं ते मी वहीच्या पाठीवर लिहून घेतलं, ती वही पुढं फाटली पण मला पाठ आहे. दूध, मांस, अंडी यांत एक घटक असतो. तो पचवायचं आपल्या शरीराचं जे काम असतं, ते दादाच्या शरीराला जन्मापासून येत नाही. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन्ही बाजूंनी खोट आली की असं होतं, आणि नात्यात लग्न झालं की दोन्हीकडं तीच खोट असण्याचा संभव वाढतो. न पचलेलं रक्तात साचतं. त्यानं डोळ्यातलं भिंग धरून ठेवणारे धागे ढिले होतात, हाडं लांबतात, आणि रक्ताच्या गाठी होतात. त्यातली एक मेंदूत गेली. ‘कुणी तरी डोळे बघूनच ओळखायला हवं होतं,’ त्या म्हणाल्या. मग त्यांनी गोळी दाखवली. साधी, बारकी, पांढरी, जीवनसत्त्वाची. कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारी. सगळ्यांना लागू पडत नाही म्हणाल्या, पण काहींना पडते. दोन आठवड्यांनी पुन्हा नळी केली तेव्हा रंग फिका आला आणि बाई माझ्याकडं बघून हसल्या. ‘रोज गोळी. दूध बंद, अंडं बंद, मटण बंद, शेंगदाणा बंद, डाळ अगदी थोडी. भात, भाजी, साबुदाणा, फळं खाऊ दे. पुन्हा झटका आला तर हा वाचायचा नाही. घरात हे कोण सांभाळणार?’ मी म्हटलं, मी.

घरी आल्यावर आईनं ओवाळलं आणि दुधाचा तांब्या पुढं केला. मी तो धरला. आईनं मला ढकललं, मी पुन्हा धरला, दूध दोघींच्या अंगावर सांडलं. ‘पडल्या लेकराचं दूध तोडू?’ ती म्हणाली. ‘माय हाय मी, वैरीण न्हाई.’ तिला दोष कसा देऊ? आमच्या घरात आजारी माणसाला दूध न देणं म्हणजे त्याच्या मरणाची वाट बघणं. एकोणीस वर्षं जे तिनं स्वतःच्या तोंडचं काढून त्याला पाजलं, त्यानंच त्याला आडवा केला, हे पंधरा वर्षांच्या पोरीच्या तोंडून कोणती आई ऐकून घेईल? पण तेव्हा मला हे सुचत नव्हतं, मला फक्त संताप यायचा. मी ताटावर राखणीला बसले. भेटायला येणारा प्रत्येक जण अंडी घेऊन यायचा, आणि मी ती दारातच हातातून काढून घ्यायचे. गावभर झालं की चंद्री भावाला उपाशी मारतीय आणि अंडी स्वतः खातीय. दादा मात्र डाव्या हातानं भात कालवून मुकाट जेवायचा, आणि कुणी आडून काही तोंडाशी नेलं तर ओठ मिटून घ्यायचा.

मग आत्या आली, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, बसमधून उतरतानाच रडत. आत्या वाईट नव्हती. हे लिहायला मला जड जातंय, पण नव्हती. दादाला तिनं लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं. माजलगावकडं तिच्या सासरी उसाची शेती, माणसांचा राबता, तिच्या शब्दाला तिकडं वजन होतं आणि आमच्याकडं तर होतंच. दादाला कुरवाळून झाल्यावर तिनं आबांना विचारलं, ‘रक्तात खोट हाय म्हणं. कुणाच्या रक्तात? तुझ्या? म्हंजी माझ्या बी?’ मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘हे गावात बोललास तर तुझ्या चंद्रीला कोण करीन? भानुदासचं माझ्यावर सोड, पण मंग मला बी विचार करावा लागंल.’ तिनं मग शिवेवरच्या पिराला कंदुरीचा नवस बोलला. उत्तम चालायला लागला तर बोकड कापायचा, गाव जेवायला घालायचं. आणि एक अट तिची स्वतःची, पिराची नव्हे. ‘नवस आन् गोळी एकदम चालत न्हाई. एकावर तरी इस्वास ठिवा.’ आबांनी गोळ्यांचा डबा उचलून पत्र्याच्या वळचणीला खोचला.

इथं मी चूक केली, आणि या सगळ्या कहाणीत मला माझाच राग सगळ्यांहून जास्त येतो. मी डबा काढला, गोळ्या कंपासपेटीत भरल्या, आणि रोज सकाळी कोकरं कोंडायच्या निमित्तानं दादाला मागं नेऊन गोळी द्यायला लागले. तो जीभ बाहेर काढायचा, मी वर गोळी ठेवायचे, तो गिळून माझ्या डोक्यावर डाव्या हातानं टपली मारायचा. संपल्या की लोकरवाल्याला निरोप धाडून आणखी मागवायचे. दूध त्याच्या नावाचं निघायचं, ते मी कोकरांना पाजायचे आणि रिकामा तांब्या आईपुढं ठेवायचे. मला वाटलं मी लई हुशार. सहा महिन्यांत दादा काठीशिवाय अंगणात चालला. उजवा हात छातीशी मुडपलेला, पाय ओढत, पण चालला. आणि सगळ्या गावानं बघितलं, की गोळी बंद, दूध चालू, नवस बोललेला, आणि पोरगं चाललं. पिराला यश आलं. ते यश माझ्याच हातांनी मी त्यांना दिलं होतं, कंपासपेटीतून.

कंदुरीच्या दिवशी शिवेवर दीडएकशे माणूस जमलं. तीन दगडांवर मोठं पातेलं, बाभळीची लाकडं, मटणाच्या रश्शाचा वास पार रस्त्यापर्यंत. आमच्याकडं कंदुरीचं जेवण घरी न्यायचं नसतं, तिथंच संपवायचं. आणि ज्याच्यासाठी नवस, त्यानं पहिला घास घेतल्याशिवाय कोणी ताटाला हात लावायचा नाही. पिराची दिवाबत्ती करणारे म्हातारे मुजावरचाचा, त्यांनी फातिहा पढला, ऊद फिरवला. ताटं वाढून झाली. सगळी पंगत दादाकडं बघत होती, पोटं पाठीला लागलेली, बायांच्या मांडीवरची लेकरं ताटाकडं झेपावत होती. मी आबांना म्हटलं, नुसता भाकरीचा तुकडा द्या त्याला. आबा म्हणाले, ‘आता एक शब्द काढलास तर बघ.’ मी आईकडं गेले. आई माझ्याकडं बघेना. आत्यानं काळजाचा मोठा तुकडा घेतला, रश्शात बुडवला, आणि दादाच्या तोंडाशी नेला. ‘घे माझ्या राजा.’

दादानं मान मागं घेतली. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. आणि तो म्हणाला, ‘नको.’

सहा महिन्यांत त्याच्या तोंडून आलेला पहिला शब्द. नीट, सगळ्यांना ऐकू जाईल असा. एकच गलका उठला. पोरगं बोललं, पोरगं बोललं. आबा पिरापुढं आडवे पडले. बाया डोळे पुसायला लागल्या. आत्या हुंदके देत म्हणाली, ‘वाचा फुटली बघा माझ्या लेकराला,’ आणि तो तुकडा तिनं त्याच्या तोंडात कोंबला. दीडशे माणसांनी तो शब्द ऐकला आणि एकानंही तो काय म्हणतोय ते ऐकलं नाही. एकट्या मुजावरचाचांनी हात वर केला. ‘अरे, बच्चा नक्को बोलता ना. सुनो तो.’ त्यांच्याकडं कोण बघतंय? दादा मान हलवत होता, आत्यानं हनुवटी धरली होती, एक चुलता मागून डोकं धरायला आला होता. मुडपलेल्या हातामुळं त्याला कुणाला ढकलताही येत नव्हतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. चष्मा तिरका झाला होता.

मी ओरडले नाही. ओरडून मला गावानं कधी ऐकलं नव्हतं. मी चुलीपाशी गेले, पाय उचलला आणि पातेल्याला लाथ घातली. पहिल्या लाथेला ते नुसतं हाललं. दुसऱ्या लाथेला दगड सरकला आणि अख्खी कंदुरी जमिनीवर गेली. रस्सा माझ्या नडगीवर आला, तिथली कातडी अजून वेगळ्या रंगाची आहे. माणसं ताटं घेऊन उभी राहिली. सुक्या मातीनं बघता बघता सगळं पिऊन टाकलं. मग मी म्हटलं, ‘त्यो नको म्हणतोय.’ एवढंच. पुढं आबांची मेंढरं हाकायची काठी होती आणि माझी पाठ. किती वेळ ते मला आठवत नाही. थांबवलं ते मुजावरचाचांनी, मध्ये उभं राहून. आत्या म्हणाली, ‘असली पोरगी माझ्या घरात न्हाई यायची. आजपासून मोडलं.’ इतक्या वर्षांत तिनं माझ्यावर केलेला हा एकच उपकार, आणि तो तिनं मला शाप म्हणून दिला.

घरी आल्यावर मी पायाला कोरफड लावून वाड्याच्या कुडाशी बसले होते. दिवेलागणीला आई दादाचा तांब्या भरून बाहेर आली. मला वाटलं, आता पुन्हा. ती दादापाशी थांबली, त्याच्याकडं बघत राहिली. मग वळली आणि आई मेलेलं एक पोरकं कोकरू होतं, त्याच्यापुढं तांब्या ठेवून खाली बसली. ‘त्यो नको म्हणला,’ ती म्हणाली. ‘म्या ऐकलंतं. तवाच ऐकलंतं.’ मी विचारलं, मग कावून बोलली न्हाईस? ती कोकराची मान धरून दूध पाजत राहिली. त्या दिवसापासून दादाच्या ताटाला तिनं माझ्याहून कडक पहारा दिला, आबांनाही जवळ फिरकू दिलं नाही. माझं लग्न पुढं लांब दिलं, नात्याबाहेर, चार ठिकाणांहून नकार ऐकून. भानुदासनं माझी चुलतबहीण केली. घरातलं घरात राहिलं.

आई गेल्यावर दादाला मी माझ्याकडं आणलं. आज तो पासष्टीच्या पुढं आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, उजवा हात छातीशी मुडपलेलाच आहे, आणि शब्द चाळीसएक आलेत. त्यात नको सगळ्यांत स्वच्छ. नात्यात अजूनही सांगतात की कंदुरीला उत्तमला वाचा फुटली. पातेल्याचं सांगत नाहीत, किंवा सांगतात ते चंद्रीच्या अंगात आलं होतं म्हणून. लग्नाच्या पत्रिका आता मोबाईलवर येतात. मी आधी मुलीचं आडनाव बघते, मग मुलाचं आजोळ, आणि फोन करते, की लग्नाआधी दोघांचं रक्त तपासा रे बाबांनो. ते म्हणतात, हो आत्या, आणि फोन ठेवून हसत असतील.

गेल्या महिन्यात दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. ‘मावशी, तुमी मला वळखत न्हाई,’ पलीकडची बाई म्हणाली. ‘मी भानुदासआबांची सून.’ आत्याच्या घरून माझ्याशी बोललेला हा पंचेचाळीस वर्षांतला पहिला माणूस. तिचा मुलगा सोळा वर्षांचा. नवरा तिच्या आत्याचाच, म्हणजे माझ्या चुलतबहिणीचा मुलगा. दोन दिवसांपासून पोराचा उजवा हात बधिर, बोलताना शब्द अडखळतो. घरात सगळे म्हणतायत, मोबाईलवर पडून पडून हात आखडला असेल, तरण्या पोराला काय होतंय. मी विचारलं, उंच आहे? लई उंच, मावशी. चष्मा? जाड हाय, डोळ्यातलं भिंग सरकलंय म्हणत होते. मग ती हळूच म्हणाली, ‘सासूबाई म्हणल्या कुणाला सांगू नको, पर उत्तममामाची गोळी कोणती ती इचार.’

मला शिव्या द्यायच्या होत्या. पंचेचाळीस वर्षांच्या साठवून ठेवल्या होत्या, एकेक घासून पुसून. मी म्हटलं, गोळीचं मागून, आधी गाडी काढ आणि त्याला मोठ्या दवाखान्यात घाल, आत्ता, या घडीला, आणि नात्यातलं लग्न आहे हे न लाजता सांग. गोळीचं नाव मी तिला दोनदा लिहून घ्यायला लावलं. दादा शेजारी बसून ऐकत होता. फोन ठेवता ठेवता मी विचारलं, ‘दूध देता का गं त्याला?’

‘देतो की, मावशी,’ ती म्हणाली. ‘रोजचे दोन तांबे. आता आजारी पडल्यापासून तिसरा लावलाय.’